दोन राजांची कुस्ती

वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन मिरजेला झालं, तेव्हा मी कॉलेजच्या तासांची तयारी दवाखान्यात बसूनच करत होते. साताऱ्याला मी इतिहास शिकवते. पुढच्या आठवड्यात युरोपच्या प्रबोधनकाळातले राजे आणि त्यांचे दरबार शिकवायचे होते. वडील फौजेतून निवृत्त झालेले, तरुणपणी तालमीत घुमलेले. पडून राहणं त्यांना जमत नव्हतं. दिवसभर छताकडे बघत गप्प असायचे.

"काय वाचतीयास एवढं?" एका दुपारी त्यांनी विचारलं. "मला बी सांग की."

मी सांगू लागले. पाचशे वर्षांपूर्वी फ्रान्सचा आणि इंग्लंडचा, असे दोन तरुण राजे दोस्ती जाहीर करायला एका माळावर भेटले. दोघांचे दरबार लवाजम्यासकट आले. जरीच्या कापडाचे तंबू पडले, कारंज्यातून दारू वाहिली. कुणाचा थाट मोठा, याचीच चढाओढ. वडील नुसते हुंकार देत होते.

"मग एक दिवस इंग्लंडच्या राजानं फ्रान्सच्या राजाची गळपट्टी धरली आणि म्हणाला, चला, कुस्ती खेळू."

वडिलांनी मान वळवली. "मग?"

"फ्रान्सच्या राजानं त्याला पायात पाय घालून पाडलं."

"टांग मारली असंल. आन् पडलेला काय म्हनला?"

"परत खेळू म्हणाला. पण लोक मध्ये पडले, जेवायला चला म्हणाले. ती कुस्ती राहिलीच. थोड्याच वर्षांत दोघं एकमेकांविरुद्ध लढाईला उभे राहिले."

मग वडिलांनी पाटणकडच्या एका दोस्ताची गोष्ट काढली. हा दोस्त मला फक्त जुन्या फोटोतून माहीत होता. दोघं एकाच तालमीतले, एका ताटात जेवणारे. दोस्ताच्या सासरवाडीच्या जत्रेत दोघांची कुस्ती लागली. बरोबरीत सोडवायची असं आधीच ठरलं होतं.

"पन हलगी वाजाय लागली आन् माझं डोस्कं फिरलं," वडील म्हणाले. "चितपट केला त्येला, सासऱ्याच्या म्होरं. परत धर म्हनला. मी हसलो, फेटा बांधून घेतला. तवापास्नं बोलनं न्हाई."

"फोन लावू का?"

"लाव," ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

नंबर मिळवायला मला भावकीत चार ठिकाणी विचारावं लागलं. फोनवर मी ऑपरेशनचं सांगितलं. पलीकडून नुसतं "बरं" एवढंच आलं. म्हणून दोन दिवसांनी काठी टेकत एक उंच म्हातारे दारात उभे राहिले, तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. एसटीनं एकटेच आले होते.

"काय रं, कुनी पाडलं तुला?" त्यांनी विचारलं.

"मोरीत घसरलो."

"बरं झालं. मला काय जमलं नसतं."

वडील हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "चुकलं गड्या माझं," ते म्हणाले. दोस्तानं खुर्ची कॉटजवळ ओढली आणि वडिलांच्या दंडावर हात ठेवून बसून राहिले. मग त्यांनी वडिलांना उसाची तोड कुठवर आली ते विचारलं. मी चहा आणायला खाली गेले आणि मुद्दाम उशिरा वर आले.