कोंबड्यांचं औषध

आमचा धाकटा भाऊ लहानपणापासून दीडशहाणा. कुणी काही सांगायला गेलं की याचं आपलं तिसरंच. पण कामाला वाघ हो! ओढ्याकाठच्या शेतात मालकाचं कडधान्य तो एकटा सांभाळायचा.

मग लोकांच्या जिभेला चटक लागली. पूर्वी कोंबडी कधीमधी शिजायची, आता रोज हवी. डाळ वाढली की पोरं ताट सारायची. मालकानं शेत मोडून पत्र्याच्या लांबच लांब शेड उभ्या केल्या आणि धाकटा पिकाऐवजी पक्षी राखू लागला. मी चिडवायची, "काय कोंबडेराव, अंडी कधी घालताय?"

शेडची घाण ओढ्यात जायची. आधी मासे गेले, मग विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. कुणी ब्र काढला नाही. रोज चापून खायचं आणि वर नावं ठेवायची कोणत्या तोंडानं?

शेडमध्ये एक पक्षी शिंकला की सगळ्यांच्याच पाण्यात जंतू मारायचं औषध टाकत. पुढे पुढे कुणी शिंकण्याचीही वाट बघेनात, कारण त्यानं वजन भराभर वाढतं. कामगारांना ताप आला की तेही त्याच टाकीतलं पेलाभर पाणी प्यायचे. मी ओरडले तर हा म्हणतो, "ताई, दवाखान्यात अर्धा दिवस मोडतो. कोंबडीला चालतं, मग मला काय धाड भरलीय?" बरा व्हायचाही मेला, म्हणून जास्तच चेकाळला.

गेल्या महिन्यात जाळीची तार अंगठ्यात घुसली. एवढंसं टोचलं, पण बघता बघता हात कोपरापर्यंत टम्म सुजला. इस्पितळात एक औषध झालं, दुसरं झालं, तिसरं थेट शिरेतून दिलं. लाली वर चढतच राहिली. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं.

"यांच्या अंगातले जंतू आमच्या औषधांना सरावलेत, जुमानत नाहीत. हात काढला तर कदाचित जीव वाचेल."

दोन लहान मुली आहेत हो त्याला!

हात काढला. शुद्धीवर आल्यावर ढसाढसा रडला आणि मग मलाच समजावायला लागला, "जगलो ना, ताई? बास झालं."

आज नर्सनं पट्टी सोडली तेव्हा मी उशाशीच होते. टाक्यांभोवती पुन्हा लाल झालंय. तिनं माझ्याकडे बघितलं आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली.

"ताई, फार ठणकतंय गं. असं का?"

"जखम भरताना ठणकतंच," मी म्हटलं.