फ्रेन्झीड आणि आमचे बाबा

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात पेणच्या शाळेत मी दहावीला ‘फ्रेन्झीड’ हा शब्द शिकवला. एक्सायटेड माणूस आनंदाने उड्या मारतो, फ्रेन्झीड माणसाला आपण उड्या मारतोय याचंही भान नसतं. बेभान गर्दीला हा शब्द लावतात, असं सांगितलं. गडबहून येणाऱ्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, घरच्या माणसाला म्हणता येतं?”

“तुमच्या घरी असेल तर म्हणा. आमच्या बाबांना नाही म्हणता येणार. घराला आग लागली तरी ते आधी टॉवेलची घडी घालतील.”

चतुर्थीला सकाळी बाबा आणि मी जोह्याच्या कारखान्यातून गणपती घेऊन रोह्याला घरी आलो. मूर्तीच्या तोंडावर एकदा रुमाल टाकला की तो दारात ओवाळतानाच काढायचा, ही आमची रीत. आईने रुमाल काढला आणि तिच्या हातातलं तबक कलंडलं.

“उजवी सोंड! याचं कडक सोवळं आपल्याला झेपणार हाय का? आणि आपला बाप्पा कुठं गेला गो?”

ती रडायलाच लागली. भटजी अकराला येणार होते. मी कारखान्यात फोन लावला. रुमाल टाकलेले दोन गणपती शेजारी-शेजारी होते आणि नावाच्या चिठ्ठ्या पाटाखाली, त्यामुळे आमचा गणपती गडबला गेला होता. “ती माणसं हायवेला थांबतात, तुमी निघा,” मूर्तिकार म्हणाला.

उजव्या सोंडेच्या बाप्पावर परत रुमाल टाकून त्याला मागच्या सीटवर ठेवलं. गाडी मी चालवत होते, हॉर्न मात्र शेजारी बसलेले बाबा वाजवत होते. पायात एक चप्पल त्यांची, एक आईची. एका कंटेनरला त्यांनी “ए रेड्या!” म्हटलं. हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. मला त्यांचा रागही येत होता आणि हसूही.

गडबला एका दुकानासमोर टेम्पो उभा होता. बाबांनी आतल्या मूर्तीचा रुमाल जरासा उचलला. डावी सोंड! त्यांनी समोरच्या अनोळखी गृहस्थांना कडकडून मिठी मारली, मग टेम्पोवाल्याला, आणि भर रस्त्यात “मोरया, मोरया” करत नाचायला लागले. धोतर सुटत आलेलं, डोळ्यांतून पाणी.

टेम्पोत मागे माझी ती विद्यार्थिनी बसली होती. बाबांकडे नीट पाहून ती म्हणाली, “मॅडम, घरच्या माणसाला म्हणता येतं.”

बाबांबरोबर मोरया ओरडून ओरडून माझाही घसा असा बसला होता, की हो म्हणायलाही आवाज फुटला नाही.