परड्यातून येणारा फोन

पोस्टिंग उत्तर सीमेवर होतं. चौकी उंचावर, रस्ता खाली, आणि दोन्हीकडची बातमी पोचवणारा एक रेडिओ सेट. सेटवर नाईक सर्जेराव, हातकणंगल्याचा. मी त्याचा सुभेदार, कागलचा. सकाळी सहाला पहिला कॉल, मग दर तासाला. वारा सुटला की सेट नुसता खरखरायचा. आम्हाला त्यात शब्दही कळत नसत. सर्जेराव मात्र सांगायचा, "साब, बोलणारा नवा पोरगा हाय, आन् त्याला ताप आलाय." ते खरं निघायचं. त्याच्या कानांचा मला अभिमान होता.

एका दुपारी मी खाली रस्त्यावर होतो. वरच्या बंकरातून सर्जेराव सेटवर बोलला.

"टायगर वन, ऊपर से पत्थर आ रहे हैं. ओव्हर."

"बंकर छोडो. ओव्हर."

उत्तर आलं नाही. दरडीखालून त्याला काढायला दोन तास गेले. डोक्याला मार होता, पण श्वास चालू होता. तेवढ्यावर आम्ही खूश झालो, शहाणे आम्ही.

मिलिटरी हॉस्पिटलात त्याची बायको वैशाली आली. सर्जेरावनं तिला नीट न्याहाळलं. "बाई दिसाया तिच्यावानीच हाय, साब. पर ती न्हवं. माझी वैशाली कुठं हाय?"

डॉक्टरांनी मला समजावलं. चेहरा ओळखायचं काम मेंदूत एकीकडं चालतं, ओळखल्यावर माया दाटून येते ती दुसरीकडून. मधली वाट तुटली होती. डोळ्यांना बायको दिसे, आत काहीच हलत नसे. मग मेंदू आपला अर्थ लावून मोकळा, की ही कुणी तोतया आहे. आवाजाची वाट तेवढी शाबूत होती.

म्हणून घरी आणल्यावर वैशाली घरामागच्या परड्यात जाऊन त्याला मोबाईल लावायची.

"जेवलासा?"

"जेवलो की. हितं एक बाई रांधती, बरी हाय बिचारी. सुट्टी मिळाली की येतो."

हे तो स्वतःच्याच घरच्या सोप्यात बसून बोलायचा. नवऱ्याची माया तिच्या वाट्याला आली ती एवढीच. पेन्शनीत आल्यावर मी रविवारी जायचो, तेव्हा ते कानावर पडायचं.

एका रविवारी ती म्हणाली, "दादा, आज समोर उभी ऱ्हाऊन फोन करते. आवाजावरनं तरी तोंड पटंल." डॉक्टरांनी कसलीच खात्री दिली नव्हती. पण आशा मलाही होती.

ती दारात उभी राहिली, फोन कानाला. "अवो, मीच हाय. बघा की माझ्याकडं."

सर्जेराव फोनवर ऐकत होता. मग त्यानं तिच्या हलणाऱ्या ओठांकडं पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"साब," तो हळूच म्हणाला, "हिनं आता तिचा आवाज बी घेतला."

त्यानंतर त्यानं तिचा एकही फोन उचलला नाही. ती वाढते. तो तिच्याकडं पाठ करून जेवतो.

दरवर्षी आम्ही माजी सैनिक जमतो आणि कामी आलेल्या आमच्या जवानांची नावं वाचतो. यंदा आदल्या दिवशी वैशालीचा फोन आला.

"दादा, त्यात ह्यांचं बी नाव घ्या."

"तसं करता येत न्हाय, पोरी. सर्जेराव जिता हाय."

"व्हय की," ती म्हणाली आणि फोन ठेवला.