हळू बोटांसाठी न उघडणारं दार

आमचा दादा कुलपं करतो. म्हणजे लोखंड ठोकत बसत नाही. कुलपाने घरचा कोण आणि परका कोण हे ओळखायचं कसं, ते ठरवतो. कंपनीत त्याला ‘कोतवाल’ म्हणतात आणि तो ते नाव मोठ्या ऐटीत मिरवतो. लहानपणी त्याच्या खाऊच्या डब्याला तो अशी काही गाठ मारायचा की मला शेवटी कात्री घ्यावी लागायची. संशय घेणं हा त्याचा स्थायीभाव, आणि त्याला त्याचाच पगार मिळतो.

त्याच्या आकड्यांच्या कुलपाला किल्लीच नव्हती. किल्लीचं भोक म्हणजे चोराला आमंत्रण, असं त्याचं म्हणणं. दारावरची बटणं दाबायची, दार उघडायचं. सोपं काम. पण दादाने त्यात एक मेख मारून ठेवली होती. दोन बटणांमध्ये जरा जास्त वेळ गेला की कुलूप तो प्रयत्न चुकला असं धरायचं. “घरच्या माणसाचं बोट आपोआप पळतं,” तो समजावायचा, “थांबत थांबत दाबतो तो चोर.” तीनदा चुकलं की कुलूप कर्कश शीळ घालायचं आणि पाव तास कुणाचंच ऐकायचं नाही. कंपनीतल्या सगळ्यांनी दाबून पाहिलं. सगळ्यांची बोटं पळाली. त्यांत एकाचेही केस पिकलेले नव्हते.

पहिलं कुलूप अर्थातच दादाच्या स्वतःच्या दाराला लागलं. बाबा त्याच्याकडेच राहतात. त्यांनी मुलाच्या कुलपाचा इमारतभर डांगोरा पिटला. वरच्या मजल्यावरच्या काकूंना तर मुद्दाम बोलावून दाखवलं. बटणं मात्र वहिनीला दाबायला लावली. बाबांचा उजवा हात थरथरतो, चहाचा कपही ते दोन्ही हातांनी धरतात. हे आम्हाला रोज दिसत होतं. कुलूपही रोज दिसत होतं. पण दोन्ही एकत्र आमच्या डोक्यात कधी आलं नाही, आणि आम्ही स्वतःला शहाणे समजतो.

एका दुपारी मी न कळवताच गेले. दादा-वहिनी कामावर होते. बाबा दारासमोर जिन्याच्या पायरीवर बसले होते, मांडीवर वर्तमानपत्र पसरून.

“बाबा, जिन्यात काय बसलाय? लोक काय म्हणतील!” आल्या आल्या माझं तोंड सुटलं.

“हवा खातोय.”

“या कोंदट जिन्यात कसली हवा? उठा बघू.”

ते उठेनात. मी बटणं दाबायला लागले, तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, “आत्ता नाही उघडायचं ते. रुसलंय. थोडा वेळ थांब.”

किती वेळ थांबायचं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. म्हणजे ही काही पहिली वेळ नव्हती. मी त्यांच्या शेजारी बसायला गेले आणि पायरी ओली लागली. पाणी कुठून आलं म्हणून मी वर्तमानपत्र उचललं. बाबांनी ते ओढून परत मांडीवर घेतलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. याच माणसाला मी लोकलाज शिकवत होते.

“शेजारची बेल वाजवायची ना, बाबा.”

“आणि सांगू काय? माझ्या मुलाचं कुलूप मला चोर समजतं म्हणून?” मग हळूच म्हणाले, “त्याला बोलू नकोस हं. त्याचं नाव होतंय सध्या.”

मी बोलले. संध्याकाळी दादाला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. तो बाहेर गेला, दार ओढून घेतलं, आणि हात थरथरवत एकेक बटण दाबू लागला. तिसऱ्या खेपेला शीळ वाजली. आतून दार उघडणं माझ्या हातात होतं, पण मी हलले नाही. राहू दे म्हटलं पाव तास जिन्यात. शेवटी बाबाच उठले. कडी काढून म्हणाले, “ये रे आत. जेवण गार होतंय.”

दुसऱ्या दिवशी दादा साहेबांपुढे उभा राहिला. साहेबांनी विचारलं, “तक्रार आलीय का एक तरी?”

“नाही. येणारही नाही,” दादा म्हणाला. “ज्यांना उघडता येत नाही, त्यांना सांगायची लाज वाटते.” मग त्याने स्वतःच्या बाबांचं सांगितलं.

नव्या कुलपांतून ती वेळेची मेख काढली. विकलेली मात्र घरोघरी जाऊन, खोलूनच बदलावी लागणार होती. आता सुट्टीच्या दिवशी दादा तेच करतो. मी सोबत जाते. एकट्या अनोळखी पुरुषाला घरात कोण घेणार?

परवा एका आजींच्या दारात गेलो. नीटनेटक्या, एकट्या राहणाऱ्या. “कुलूप ना? छान आहे हो,” त्या घाईघाईने म्हणाल्या. “काही म्हणजे काही त्रास नाही.” दाराबाहेर जिन्यात एक स्टूल होतं, त्यावर उशी, खाली पाण्याची बाटली. दादाची नजर तिथेच खिळली.

“आजी, हे कुलूप मी केलंय,” तो म्हणाला. “हात हळू चालला की ते उघडत नाही. ती चूक माझी आहे.”

आजींनी मग विचारलं, “म्हणजे आकडे मी विसरत नव्हते? माझं डोकं ठिकाणावर आहे ना?”

दादाने होकारार्थी मान हलवली. वर बघायची त्याची हिंमत झाली नाही.