प्रेमदासच्या सायकलीवर तानबा

सेलूच्या चौकात, लिंबाखाली तानबाचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे टिनाचे चार पत्रे, एक हवेचा पंप आणि तानबा. घरोघरी मोटरसायकली आल्या, तरी वाकड्या चाकातला आउट काढून ते सरळ करावं तर तानबानंच, असं इथपासून हिंगणीपर्यंत लोक म्हणतात. ते म्हणतात हे तानबालाही ठाऊक आहे.

पण गेले एक्केचाळीस दिवस लोकांच्या तोंडी एकच नाव होतं, प्रेमदास.

हिंगणीचा प्रेमदास टपाल वाटता वाटता रिटायर झाला आणि एकटाच सायकलनं बोधगयेला गेला. परतही सायकलनंच निघाला. रोज मोबाइलवर त्याचा फोटो यायचा. कधी नर्मदेच्या पुलावर, कधी ढाब्यावरच्या खाटेवर, एकदा तर बोधिवृक्षाखाली. तानबा फोटो पाहायचा आणि मोबाइल पालथा ठेवायचा. कारण बोधगयेला सायकलनं जाण्याचं बोलणं मुळात तानबाचं. पंचवीस वर्षं तो याच लिंबाखाली सांगत आला होता. रस्ता कोणता, मुक्काम कुठे, ट्यूब किती घ्यायच्या. प्रेमदास समोर बसून चहा पीत ऐकायचा. ऐकणारा जाऊन आला, सांगणारा जागीच राहिला.

आज शेवटचा दिवस. चार वाजता हिंगणीत स्वागत होतं. आणि पावणेतीनच्या सुमारास प्रेमदास सायकल ढकलत दुकानासमोर उभा राहिला. अंग काळं पडलेलं, दाढी वाढलेली, कॅरिअरवर दोन थैले आणि पंचशील ध्वज.

"जय भीम, तानबा! मागच्या चाकाच्या तीन तारा गेल्या. चाक फ्रेमले घासून राह्यलं. तेवढं पाह्य बाप्पा."

तानबानं चाक उचलून फिरवलं. अर्ध्या तासाचं काम. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "रिंग गेली. ऑटोत टाक अन् जाय."

प्रेमदासनं चाकाकडे वळूनही पाहिलं नाही. "तू म्हणतं त गेलीच असंन," तो म्हणाला. "आता गावात सांगा लागंन, तानबानं बांधलेलं चाक दहा किलोमीटरसाठी हरलं."

तो ऑटो पाहायला वळला. तानबाच्या पोटात मत्सर होता, पण हातांचा अभिमान त्याहून जुना होता.

"थांब बे," तो ओरडला. "ठेव इथं."

त्यानं तारा बसवल्या, पाना घेऊन एकेक तार ताणली. प्रेमदास बोलत होता. जबलपूरकडे एका म्हातारीनं हातावर भाकर ठेवली, कुठे रात्रभर कुत्रे भुंकले. तानबाला वाटे, ती भाकर आपली होती. ते कुत्रेही आपल्यावरच भुंकायचे होते.

चाक सरळ झालं. आता मिस्त्रीनं स्वतः बसून चक्कर मारायची, मगच सायकल गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची, ही त्याची पद्धत. थैले, ध्वज तसेच ठेवून तानबा बसला. पेट्रोल पंपापासून परत वळायचं, तो वळला नाही, हिंगणीच्या रस्त्याला लागला. घोराड गाव मागे पडलं. दोन्हीकडे वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, अंगावर वारा, मागे ध्वज फडफडतोय. रस्त्यावरचा एकजण हात उंचावून ओरडला, "जय भीम!" तानबानंही एक हात उंचावला. साठाव्या वर्षी त्याच्या पायांत कुठलं बळ आलं, कोण जाणे.

हिंगणीच्या वेशीवर पांढऱ्या साड्यांतल्या बाया उभ्या होत्या. दुरून ध्वज दिसला तशी हाळी उठली. सर्वांत पुढे सीताबाई, नव्वदीची. डोळ्यांनी अंधुक. सायकल थांबली तशी तिनं वाकून तानबाच्या पायांवर लोट्यातलं पाणी ओतलं.

"आला रे बाप्पा? पाहून आला बोधगया?"

पाणी गार होतं. हो म्हणायला किती वेळ लागतो! तानबाचे ओठ हलले.

"मी नाई, माय," तो म्हणाला. "तो मांगून येऊन राह्यला."

बाया हसल्या, कुजबुजल्या. पंधरा मिनिटांनी प्रेमदास पोचला, दुकानात ठेवलेल्या तानबाच्या सायकलीवर, घामानं निथळत.

"अबे, चक्कर मारतो म्हणे! अन् तुई सायकल? ना ब्रेक, ना घंटी. मिस्त्रीची सायकल आहे का भंगारवाल्याची?"

"चाक वाजत होतं," तानबा म्हणाला. "पक्कं करा लागते."

प्रेमदासनं त्याच्या ओल्या पायांकडे पाहिलं. सीताबाईनं लोटा उलटा केला. उरलेलं घोटभर पाणी प्रेमदासच्या पायांवर पडलं. अंगठासुद्धा धड भिजला नाही. तानबाला बरं वाटलं. मग तसं वाटल्याची लाज वाटली, पण थोडीच.

"चाल न विहारात," प्रेमदास म्हणाला. "मी सांगतो सर्वाईले, रस्ता तुयाच होता."

"दुकान उघडं टाकून आलो. तू जाय."

मिरवणूक आत वळली. तानबानं आपली सायकल घेतली, टांग मारली आणि लगेच उतरला. सीट गरम होती, प्रेमदासच्या अंगानं. ती थंड होईपर्यंत तो सेलूच्या रस्त्यानं सायकल हातात धरून चालत राहिला.