दोरीचं दुसरं टोक

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे काम केलं ते एका बैलगाडीच्या चाकांचं मोजमाप. गावात लाकडी चाकाची आता एकच गाडी उरली आहे, बाकी सगळ्यांनी रबरी टायरच्या घेतल्या. तिचा आख, म्हणजे दोन चाकांमधला लोखंडी दांडा, वाकला होता. संध्याकाळची वेळ. माझी बायको भागा डाव्या चाकाशी उकिडवी बसली, मी उजव्या चाकाशी, आणि मध्ये दोरी. आधी दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधलं अंतर दोरीनं धरायचं, मग तीच दोरी मागच्या कडांना लावायची. पुढं बोटभर कमी भरलं पाहिजे. म्हणजे चाकं आतल्या अंगाला दाबून राहतात आणि गाडी भरकटत नाही. एकट्या माणसाचं हे काम नाही. मी माझ्या टोकाला गाठ मारून धरतो. भागा अंगठा जिभेला लावायची, दुमडायची आणि दोरी नखाखाली दाबून धरायची. "गाठीत दोरी खोटं बोलती," म्हणायची.

"किती भरलं?" मी विचारलं.

"पुढं-मागं सारखंच हाय. चाक रुसलंय तुमच्यावर. उद्या आख तापवून दोन घाव घाला."

"आत्ताच घालतो."

"उद्या. आता भाकरी टाकती म्या."

भाकरी खाऊन झोपलो. सकाळी मी भट्टीपाशी जाऊन बसलो आणि चहा का येत नाही म्हणून दोनदा ओरडलो. मग आत गेलो. ती उठणार नव्हती.

शाळा मी दोन इयत्ता शिकलो, तीही निजामाच्या राज्यात, उर्दूत. मराठी अक्षरं गाड्यांच्या फळ्यांवर मालकांची नावं रंगवता रंगवता लागली. तेव्हा चुकलंमाकलं सोडून द्या. लोक भेटायला येतात आणि म्हणतात, मिस्त्री, तुमची बायको लई गुणाची होती. होती. पण तिच्या गुणांनी मला किती जाळलं ते त्यांना माहीत नाही, म्हणून लिहितो.

भागा परंड्याची. तिचा बाप लोहार, मीही लोहार. आमच्यात बायको भाकरीही करते आणि घणही मारते. सांडशीत लाल लोखंड मी धरायचं, घण तिनं घालायचा. अंगानं काटकुळी बाई, पण पदर खोचून घण उचलला की मी बोट दाखवलं तिथंच घाव पडायचा. कधीकधी मी दाखवलं नव्हतं तिथं पडायचा आणि तेच बरोबर निघायचं. ते मला आवडायचं नाही. रस्त्यानं गाडी गेली की भाकरी थापता थापता तिचा हात थांबायचा. "डाव्या चाकाची धाव सुटाय लागली," म्हणायची. धाव म्हणजे लाकडी चाकावर तापवून चढवलेली लोखंडी पट्टी, आताच्या बोलण्यात टायर म्हणा. आठ दिवसांत तीच गाडी आमच्या दारात यायची.

आमच्या तरुणपणी जर्मनची मोठी लढाई चालू होती आणि इकडं निजामाचं राज्य. आमच्या गावच्या जत्रेत छकड्यांची शर्यत लागायची. शर्यतीचा छकडा म्हणजे दोन चाकं, एक जू आणि वर उभा राहणारा गाडीवान, बस. देशमुखांचा छकडा इमाम हाकायचा. इमाम माझ्याच वयाचा, उंच, पांढऱ्या दातांचा, आणि तोंड कधी बंद नाही. जत्रा जवळ आली की भट्टीवर येऊन बसायचा. बोलायचा माझ्याशी नाही, तिच्याशी.

"अक्का, यंदा चाकाला काय डालायचं? बारीक धाव का रुंद?"

"रान बघितल्याबिगर कसं सांगू? उगं सांगितलं तर तुझं हाडूक मोडंल."

"मोडू दे की. मिस्त्री तापवून सांधतील."

यावर ती पदर तोंडाला लावून हसायची. माझ्या थट्टेला ती कधी अशी हसली नाही. मी थट्टा करत नव्हतो हे खरं, पण केली असती तरी हसली नसती.

तो तिला अक्का म्हणायचा, ती त्याला नावानं हाक मारायची. इमामा, इकडं ये. इमामा, च्या पी. मला मात्र जन्मभर "अवो". नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत मला ठाऊक होती, आणि ती मोडलेली मला चालली नसती. तरी दिवसभर तिच्या तोंडात दुसऱ्याचं नाव ऐकून माझं डोकं फिरायचं.

बाईमाणसाचं शर्यतीच्या रानात काय काम, असं कुणी म्हणू नये म्हणून ती शेण वेचायची पाटी घेऊन जत्रेआधीच रान बघून यायची. अनवाणी. शेण उचलल्यासारखं करून वाकायची आणि मातीचं ढेकूळ चिमटीत फोडून बघायची. पाय कुठं रुतला, कुठं घसरला, सगळं ध्यानात ठेवायची. आमचं रान असं होतं की निघताना काळी माती, मग चढाला मुरूम, त्या मुरमावरच लिंबाच्या झाडाला वळसा, आणि परत काळीतून यायचं. बारीक धाव काळ्या मातीत रुतते, रुंद धाव वरच्या वर पळते. पण मुरमावर वळताना रुंद धाव घसरते आणि बारीक चावून धरते. दोन्ही गुण एका चाकात मिळत नाहीत, निवड करावी लागते.

भागा बारीकच निवडायची. "सरळ रानात बैल हाईत की पळायला," म्हणायची. "वळणाला बैल काय करतील? तितं चाकानंच धराय पायजे." इमाम मान डोलवायचा. मी सांगितलं असतं तर त्यानं देशमुखांना विचारून येतो म्हटलं असतं.

एका वर्षी जत्रेआधी पारावर एक जण माझ्या तोंडावर म्हणाला, इमामचा छकडा मिस्त्रीणबाईच्या चाकावर पळतो. भट्टी माझी, सांडशी माझी, आणि चाक मिस्त्रीणबाईचं. त्याच आठवड्यात सास्तूरचे लोक आपला छकडा घेऊन आले. मी भागाला न विचारता त्यांचं काम घेतलं आणि सांगून टाकलं की इमामच्या छकड्याला मी या वर्षी हात लावणार नाही.

"बरं," ती म्हणाली.

लढाईमुळं नवी पट्टी मिळत नव्हती. माझ्याकडं जुन्या धावांच्या दोनच जोड्या होत्या, एक बारीक, एक रुंद. बारीक तिनं इमामसाठी आधीच बाजूला काढली होती. मी म्हटलं, मला रुंदच पाहिजे होती. मग तिनं इमामला सांडशी धरायला लावली आणि घण स्वतः घातला. दोरीचं दुसरं टोकही त्यालाच दिलं. अंगठा ओला कर, दुमड, नखाखाली धर, असं लहान लेकराला शिकवावं तसं शिकवत होती. मी भात्याशी बसून ऐकत होतो. भाता इतका दाबला की कोळशाच्या ठिणग्या छपरापर्यंत उडाल्या.

माझ्या, म्हणजे सास्तूरच्या, छकड्याचं मोजमाप राहिलं. आता दोरी धरायला तिच्याशिवाय कोण होतं? मी बोलावलं, ती आली, डाव्या चाकाशी बसली.

"पुढं-मागं सारखं ठेवणार मी," म्हणालो. "चाक मोकळं फिरंल. काळीतून बाणासारखा जाईल."

"रुंद धाव आणि वर मोकळं चाक? वळणाला बाहेर जाईल."

"तुझ्या इमामच्या म्होरं जाईल."

तिच्या हातातली दोरी हलली नाही. "त्यो माझा न्हाय. देशमुखाचा गाडीवान हाय," ती म्हणाली. "आन चाक कुणाचंबी असू द्या, चुकलं तर म्या चुकलं म्हणणार."

"मग कुणाचा गाडा पुढं यावा वाटतं तुला?"

"ज्याचं चाक बरोबर हाय त्याचा."

हे उत्तर मी अजून चघळतो आहे. बाईनं नवऱ्याला असं उत्तर द्यावं का? खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं? मला त्या जत्रेत एवढंच पाहिजे होतं, की एकदा तरी तिनं माझ्या चाकाकडं तसं बघावं जसं ती त्याच्या चाकाकडं बघते.

शर्यत सुटली आणि काळीतून माझा छकडा पुढं निघाला. चांगला दोन गाड्यांच्या अंतरानं पुढं. मी डोक्यावरचा फेटा काढून उडवला आणि बायका बसल्या होत्या तिकडं वळून बघितलं. भागा छकड्यांकडं बघतच नव्हती. तिची नजर लिंबाच्या झाडावर. चढ चढून दोघं वळायला लागले. इमामचा छकडा झाडाला दावं बांधल्यासारखा गर्रकन वळला. माझा बाहेर सरकत गेला, आणखी सरकला, बांधावर चढला आणि आडवा झाला. सास्तूरचा गाडीवान बोरीच्या झुडपात जाऊन पडला. ओरखडे निघाले, बाकी माणसाला आणि बैलांना काही झालं नाही.

इमाम जिंकला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, हलगी वाजायला लागली. तो वरून ओरडत होता, "अक्का, ओ अक्का, इकडं देख की." भागा उठली, त्या गर्दीला वळसा घालून तडक बांधावर आली. त्याच्याकडं मानसुद्धा वळवली नाही. माझ्या आडव्या छकड्यापाशी बसली, वरचं चाक हातानं फिरवलं आणि कान लावला.

"धाव सुटली न्हाय," म्हणाली. "एक आरा हालला न्हाय. एवढं आदळूनबी. इमामच्या चाकाला असा हात न्हाय लागला, त्याला सांडशी धरता येत न्हाय."

"मग गेला का बाहेर?"

"म्या सांगितलं हुतं की."

आणखी काय पाहिजे होतं मला? पण मला तेव्हा शेवटचं वाक्यच ऐकू आलं. अजूनही मी म्हणतो, त्या वर्षी मुरूम सैल होता, नाहीतर निकाल वेगळा लागला असता. हे बोललो की ती म्हणायची, "मुरूम म्या अनवाणी चालून बघितला हुता. तुमी बघितला हुता का?"

पुढं निजामाचं राज्य गेलं. त्या दिवसांत गावोगाव वाईट वारं सुटलं होतं, मुसलमानांच्या दारांवर माणसं चालून येत होती. भागानं इमामला, त्याच्या बायकोला आणि म्हातारीला आमच्या कोळशाच्या खोलीत आणून ठेवलं. मला विचारलं नाही. मी घण घेऊन दारात बसलो. माणसं आली, त्यांनी माझ्याकडं बघितलं, घणाकडं बघितलं आणि गेली. आणि मी दारात बसून काय ऐकत होतो? आत ती त्याला पाणी देताना हळू काहीतरी बोलत होती, ते. काय बोलली म्हणून नंतर विचारलं. "भिऊ नगं, दारात मिस्त्री हाईत, म्हणलं," ती म्हणाली. मला ते खरं वाटायला फार वर्षं लागली.

शर्यती बंद पडल्या, इमामचे दात पडले, तरी तो रोज भट्टीवर चहाला यायचा आणि ती रोज त्याच्या बशीत माझ्यापेक्षा जास्त ओतायची. मी बघत असायचो. तिला पोचवायला तोही आला आणि माझ्यापेक्षा जास्त रडला. मला तेही आवडलं नाही.

तिला पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी भट्टी पेटवली. भावकीतले म्हणाले, सुतकात भट्टी पेटवत नाहीत, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तिनं सांगितलं होतं तसा आख तापवला, दोन घाव घातले, चाकं चढवली. दोरी घेतली. डाव्या चाकाशी खिळा ठोकून बघितला, दगड ठेवून बघितला. दोरी ढिलीच पडायची. शेवटी उठून इमामच्या दारात गेलो.

"चल," म्हणालो. "टोक धर."

तो काठी टेकत आला. भागा बसायची तिथंच, डाव्या चाकाशी, गुडघे धरून खाली बसला. मी सांगायच्या आधी त्यानं अंगठा जिभेला लावला, दुमडला, दोरी नखाखाली धरली. हुबेहूब तिच्यासारखी. इतकी वर्षं ते त्याच्या हातात तसंच राहिलं होतं, आणि मी अजून गाठ मारत होतो. छातीत तोच जुना जाळ उठला.

आम्ही पुढचं अंतर धरलं, मग मागचं.

"पुढं एक बोट कमी हाय. बरोबर आलं, मिस्त्री," इमाम म्हणाला. "सोडू?"

"नको," मी म्हणालो. "धरून ठेव जरा."