मेव्हण्याचं खोल जाणारं पेडल

आमच्या शेजारचे मिस्त्री अंघोळ करून आले तरी अंगाचा ब्रेक ऑइलचा वास जात नाही. त्यांची बायको म्हणते, आपलं लग्न माणसाशी झालं की गॅरेजशी, अजून कळलेलं नाही. मिस्त्री नुसता टॉवेल वाळत घालतात. बोलायलाही अंगात जोर लागतो आणि तो जुन्या लष्करी ट्रकांखाली सरपटण्यात कधीच संपलाय.

त्यातला एक ट्रक त्यांच्या मेव्हण्याचा, म्हणजे बायकोच्या भावाचा. लष्कराने काढून टाकलेला, याने हौसेने घेतलेला. खाणीतली खडी वाहतो. त्याचे ब्रेक दोन भागांत: पुढच्या चाकांची तेलाची नळी वेगळी, मागच्यांची वेगळी. एक गळली तरी दुसरी गाडी थांबवते, फक्त पेडल खोल जातं. बिचाऱ्या गाडीला तक्रार करायची तेवढीच काय ती सोय.

मेव्हण्याचं पेडल खोलच जात होतं. तो यायचा, बहिणीच्या हातचा चहा प्यायचा आणि सांगायचा, जरा वर घ्या. दोनदा मिस्त्रींनी घेतलं. पेडलच्या रॉडचा नट फिरवला, पेडल वर आलं, मेव्हणा खूश. गळती शोधायला चाकं उघडायची तर दिवस मोडला असता, आणि कंबर तर आधीच मोडलेली.

परवा तो तिसऱ्यांदा आला. भरलेली गाडी खाणीच्या उतारावरून आणायची होती. बायकोनेही भावाची री ओढली, "अहो, द्या ना वर करून, पोरगं खोळंबलंय." पोरगं चाळिशीचं, दोन मुलांचा बाप.

मिस्त्री पाना घेऊन खाली शिरले. नट फिरेना; रॉडला आटेच उरले नव्हते, पेडल आणखी वर घ्यायला जागाच नव्हती. मग कण्हत कण्हत मागे सरकले. मी कुंपणावरून बघत होतो, फुकटचा तमाशा कोण सोडतो? मागच्या चाकाच्या आतून तेल ओघळलं होतं आणि त्यावर धुळीचा जाड, जुना थर.

बराच वेळ ते बाहेर आले नाहीत.

"झालं का भावोजी?" मेव्हण्याने वाकून विचारलं.

"मागचा ब्रेक मेलाय," खालून आवाज आला. "पहिल्यांदा आलास तेव्हाच मेला असणार. मी बघितलंच नाही. पेडल वर करत बसलो."

मेव्हण्याचं तोंड एवढंसं झालं. मेव्हणा स्वतःच जाऊन जॅक घेऊन आला.

संध्याकाळी नळी बदलून झाली. नळीत शिरलेली हवा काढायला दोन माणसं लागतात; मेव्हणा वर पेडलवर, मिस्त्री खाली चाकाशी. मी घरात गेलो तरी मिस्त्रींचा दमलेला आवाज येतच होता.

"दाब. धरून ठेव. सोड. अजून हवा आहे. दाब."